प्रकल्प नोंदी: बर्फ आणि वणवा, एकाच नकाशावर

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो. २०२०.

५ सप्टेंबर, शनिवार

आज डेन्व्हरला १०१ अंश फॅरनहाइट. आईच्या हिशेबात अडतीसच्या वर. सप्टेंबरात डेन्व्हरचा पारा इतका कधी चढलेला नाही. आणि राष्ट्रीय हवामान सेवेच्या अंदाजात मंगळवारच्या चौकोनात चक्क बर्फ. आज शनिवार.

बरेच दिवस डोक्यात असलेलं काम आज हातात घेतलं: सगळ्या देशाचा एकच नकाशा, त्यावर थंडीचे, बर्फाचे आणि वणव्याचे इशारे, शिवाय खरोखर जिथे जळतंय तिथले ठिपके. निमित्त आमचा नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. सॅन होजेची वहिनी म्हणते घामाच्या धारा, मिनेसोटाचा भाचा म्हणतो कपाटातून स्वेटर बाहेर काढले, मी म्हणते अंगणात राख पडतेय, आणि प्रत्येकाला वाटतं बाकीचे अतिशयोक्ती करताहेत.

राख कॅमरन पीक वणव्याची. १३ ऑगस्टपासून आमच्या पश्चिमेच्या डोंगरात पेटलाय. आज वारा इकडचा आहे.

६ सप्टेंबर, रविवार

लॉस एंजेलिस काउंटीत वुडलँड हिल्सला १२१. म्हणजे साडेएकोणपन्नास सेल्सिअसच्या आसपास. त्या काउंटीतला आजवरचा उच्चांक.

हवामान सेवेचा एपीआय (म्हणजे माहिती थेट आपल्या कोडमध्ये मागवायची सोय) फुकट आहे, चावीही लागत नाही, फक्त विनंतीबरोबर आपण कोण ते सांगावं लागतं. ते न सांगितल्यामुळे पहिला तास नुसता नकार येत राहिला. मग इशारे आले, पण निम्म्याहून जास्त इशाऱ्यांना आकारच नाही, भूमितीच्या जागी रिकामं. ते इशारे 'झोन'वर, म्हणजे आखून दिलेल्या भूभागांवर, दिलेले असतात. झोनचा आकार वेगळा मागवून जोडावा लागतो. आणि वणव्याच्या इशाऱ्यांचे झोन वेगळे, बर्फाच्या इशाऱ्यांचे वेगळे! एकाच गावाला दोन तुकड्यांत दोन नावं. तलाठ्याचा सातबारा आणि नगरपालिकेची मालमत्ता-नोंद जुळवायला बसल्यासारखं झालं. सगळे झोन एकदाच उतरवून ठेवले, रात्री दीड वाजला.

७ सप्टेंबर, सोमवार. लेबर डे

सकाळी सातला रेनगेज वाचायला गेले. मी कोकोराझची स्वयंसेवक आहे. (पाऊस, गारा, बर्फ मोजणाऱ्यांचं जाळं. सुरुवात इथेच झाली, १९९८ साली, कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत. आदल्या वर्षी, २८ जुलै १९९७ ला, फोर्ट कॉलिन्सच्या एका भागात ढगफुटी झाली आणि शहरातल्या मोजक्या मापकांना तिचा पत्ताच लागला नाही.) चार इंची नळकांडं, आत बारीक नळी, शंभरांश इंचापर्यंत वाचता येतं. आज नळीच्या तळाला पाणी नाही, पिठासारखी करडी राख. पाऊस ०.००. शेऱ्यात लिहिलं: 'राख, पाइनच्या जळक्या सुया'. एक सुई अखंड होती, बोटात धरली तर भुगा झाला.

दुपारी तीनला अंगणातला दिवा आपोआप लागला. आभाळ काविळीसारखं. डेन्व्हरला ९३ अंश. आणि मी जुन्या चादरी काढून झेंडू झाकत होते, कारण उद्या पहाटे गोठणार. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू, यंदा अधिक मास आल्यामुळे दसरा लांबलाय, तोवर टिकवायचाय. घामाने निथळत, तोंडाला मास्क, अंगावर राख आणि हातात थंडीची चादर. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघून हसले. मग तेही आत गेले आणि टोमॅटोंसाठी ताडपत्री घेऊन आले.

नकाशा संध्याकाळी पहिल्यांदा पूर्ण उमटला. हवामान सेवेचे अधिकृत रंग जसेच्या तसे घेतले होते. 'रेड फ्लॅग', म्हणजे वणव्याला पोषक हवेचा इशारा, लाल असेल असं कुणालाही वाटेल. तो आहे गडद गुलाबी. हिमवादळाचा इशारा? तोही गुलाबी, थोडा फिका. वायोमिंगच्या डोंगरांवर बर्फ आणि शेजारी कोलोरॅडोत वणवा, दोन्ही एकाच साडीच्या काठ-पदरासारखे. अधिकृत रंग सोडले. बर्फ निळा, वणवा शेंदरी.

८ सप्टेंबर, मंगळवार

बर्फ. रात्रीतून पाऊस, मग गारठा, मग ओला जड बर्फ. झाडांना अजून सगळी हिरवी पानं, त्यामुळे फांद्या वाकल्यात. रस्त्यापलीकडचा एल्म मधोमध चिरलाय. चादर ओली होऊन झेंडूंवर बसली. खालच्या दोन ओळी गेल्या, भिंतीलगतची वाचली.

कॅमरन पीक एका दिवसात पसरून एक लाख एकरांवर गेला आणि आज त्यावर बर्फ पडतोय.

पण नकाशावर नजर गेली ती ऑरेगनकडे. काल रात्रीपासून तिथे पूर्वेचा सोसाट्याचा वारा, कॅस्केड डोंगर ओलांडून खाली उतरतोय. एरवी त्या बाजूला वारा समुद्राकडून येतो, ओला. आज दक्षिण ऑरेगनमधली टॅलेंट आणि फिनिक्स ही गावं जळताहेत. वॉशिंग्टन राज्यातलं माल्डन कालच बेचिराख झालं. इकडे निळं, तिकडे शेंदरी, मधे नेवाडा-आयडाहोवर काहीच नाही. कोऱ्या जागेत काहीतरी आहे असं वाटत राहिलं. नोंद करून ठेवते.

९ सप्टेंबर, बुधवार

सॅन फ्रान्सिस्कोत आज दिवस उजाडलाच नाही म्हणे. वहिनीने खिडकीतून फोटो पाठवला, संपूर्ण केशरी, फोनचा कॅमेरा आपणहून रंग 'दुरुस्त' करत होता म्हणून दोनदा काढावा लागला. कुणीतरी खाली लिहिलं, 'फिल्टर लावलाय'. तिने उत्तर दिलं नाही.

आमच्याकडे मापात दोन इंच बर्फ, वितळवून अर्धा इंच पाणी. कॅमरन पीकवर उपग्रहाचे ठिपके: शून्य. आईला फोनवर सांगून टाकलं, "विझली बहुतेक." ती म्हणाली, "देव पावला."

१२ सप्टेंबर, शनिवार

ठिपके परत आले.

चूक माझी. उपग्रह वरून उष्णता बघतो, एक ठिपका म्हणजे साधारण पावणेचारशे मीटरचा चौकोन, आणि जाड ढगाआड त्याला काही दिसत नाही. तीन दिवस ढग होते. दिसत नाही हे मी 'नाही' म्हणून लिहिलं. कोडमध्ये दोन ओळींचा बदल: वर ढग असेल तर शून्याऐवजी रेघ. आईला परत फोन करावा लागला, तो दोन ओळींत भागला नाही.

संध्याकाळी आजोबांशी कुंपणावरून बोलणं. हे गृहस्थ आयुष्यभर जंगलखात्यात होते, त्यातली बरीच वर्षं आगीवर. मी विचारलं, एवढा बर्फ पडूनही कसं काय? त्यांनी खाली वाकून गवताची काडी उचलली, मग एक काटकी, मग सरपणाच्या ढिगावर हात ठेवला. इथे जळणाची प्रतवारी तासांत करतात. काडी, पाव इंचाच्या आतली, एक तासाचं जळण: हवा कोरडी झाली की तासाभरात कोरडी, ओली झाली की ओली. इंचापर्यंतची काटकी दहा तासांची, तीन इंचांपर्यंतची फांदी शंभर तासांची. आणि तीन ते आठ इंचांचे ओंडके हजार तासांचे. हजार तास म्हणजे सहा आठवडे. उन्हाळाभर वाळलेला ओंडका दोन इंच बर्फाने भिजत नाही, साल तेवढी ओली होते. त्यात या डोंगरांतले लॉजपोल पाइन भुंगेऱ्यांनी आधीच मारून उभे वाळवून ठेवलेत. बर्फाखाली खोड धुमसत राहतं, वारा आला की पुन्हा.

नकाशाला 'बर्फ पडला' एवढं पुरत नाही, किती दिवस टिकला ते हवं. नवा रकाना.

२० सप्टेंबर, रविवार

त्या कोऱ्या जागेवर आजचा दिवस घालवला. कोऱ्या जागेत होता दाब. बर्फ आणणारी थंड हवा जड असते. ती रॉकी पर्वताच्या दोन्ही अंगांना जमिनीलगत साचते, नेवाडा-युटाच्या खोलगट पठारावर उच्च दाब बसतो. किनाऱ्यावर दाब कमी. मग हवा पठारावरून समुद्राकडे सुटते, खिंडी आणि दऱ्यांतून, उतारावरून खाली.

खाली येताना हवा दाबली जाते आणि तापते, हजार मीटरला जवळजवळ १० अंश सेल्सिअस. कागदावर करून बघितलं: पठारावर १२५० मीटर उंचीला हवा ५ अंश, आर्द्रता ४० टक्के. किनाऱ्याला उतरली की साडेसतरा अंश. पाणी तेवढंच, पण गरम हवेला तहान जास्त, म्हणून आर्द्रता उरते २० टक्क्यांच्या आसपास. साडेसतरा अंश म्हणजे पुण्यातली जानेवारीची सकाळ! त्या हवेत वणवा पेटतो. वणव्याला उकाडाच लागतो असं मी इतके दिवस धरून चालले होते.

कॅलिफोर्नियातले हवामानवाले यासाठी जोड्या वापरतात. उत्तरेत सॅन फ्रान्सिस्कोचा दाब वजा नेवाडातल्या विनेमकाचा. दक्षिणेत लॉस एंजेलिस वजा आतल्या वाळवंटातलं डॅगेट. उणे आलं की वारा समुद्राकडे. उत्तरेत त्या वाऱ्याला डियाब्लो म्हणतात, दक्षिणेत सँटा ॲना. दोन्ही जोड्या नकाशाखाली आलेखात टाकल्या. पहिल्या फटक्यात फरक आला शेकड्यांत, पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, एपीआय दाब पास्कलमध्ये देतो, हवामानवाले मिलिबार वापरतात. शंभराने भागलं. पृथ्वी पूर्ववत.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याचा जुना दाब भरून बघितला: आमच्याकडे बर्फ पडला त्याच वेळी उत्तरेची जोडी उणे, तीही दोन अंकी, म्हणजे वारा जोरात समुद्राकडे.

एवढी थंडी इतक्या लवकर खाली का आली, तर त्याचं एक टोक पॅसिफिकच्या पार पलीकडे. बावी आणि मायसाक ही दोन टायफून ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या आरंभी कोरियाकडे वळून उत्तरेला गेली आणि त्यांनी जेटप्रवाहाला, म्हणजे खूप उंचावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याला, हिसका दिला. दोरीचं एक टोक झटकलं की लाट दुसऱ्या टोकाला जाते तसं. पश्चिम किनाऱ्यावर त्या प्रवाहाला उत्तरेकडे फुगवटा, म्हणून तिथे १२१. त्याच्या पूर्वेला प्रवाह दक्षिणेकडे खोल वाकलेला, त्याला 'दरी' म्हणतात, म्हणून इथे बर्फ. हे नकाशावर कसं दाखवायचं ते सुचत नाही. सोडलं.

५ ऑक्टोबर

कॅलिफोर्नियातला ऑगस्ट कॉम्प्लेक्स वणवा दहा लाख एकरांवर. आलेखाची वरची मर्यादा पाच लाख ठेवली होती, वाढवली. बाकी काही नाही. पाऊस ०.००.

१४ ऑक्टोबर, बुधवार

सकाळपासून पश्चिमेचा वारा, खिडक्या वाजताहेत. कॅमरन पीक आज कोलोरॅडोच्या नोंदलेल्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा झाला. आधीचा विक्रम पाइन गल्चचा, १,३९,००७ एकर, तोही याच वर्षीचा, दीड महिना जेमतेम टिकला.

डोंगराच्या पलीकडे, क्रेमलिंगच्या वर, नवा ठिपका. नाव ईस्ट ट्रबलसम. ज्या ओढ्यावरून नाव पडलं तो ओढाच 'त्रासदायक'. नकाशात ३१ क्रमांकावर नोंद, लहान.

आर्द्रता १५ टक्क्यांच्या खाली आणि वाऱ्याचे झोत ताशी २५ मैलांच्या वर, तीन तास टिकले, की आमच्या भागात रेड फ्लॅग. या महिन्यात तो इतक्यांदा लागलाय की फोन वाजला तरी कुणी मान वर करत नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार. घटस्थापना

घट बसवला. दुपारी बोल्डरच्या वर, जेम्सटाउनजवळ, कॅलवुडचा वणवा पेटला. दक्षिणेला धुराचा खांब इथून दिसतो. घटाला भिंतीलगतच्या झेंडूची माळ. धुवूनही पाकळ्यांत राख राहतेच.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

पहाटे उठून नकाशा उघडला आणि वाटलं स्क्रिप्ट बिघडलं. ईस्ट ट्रबलसम परवा वीस हजार एकरांच्या आत होता. आज सव्वा लाख. रीफ्रेश केलं. सव्वा लाख. एका संध्याकाळीत आणि रात्रीत तो ग्रँड लेक गावाच्या अंगावरून गेला.

दुपारी तो पाणलोटाची मुख्य धार, म्हणजे पाणी पूर्वेला आणि पश्चिमेला विभागणारा रॉकीचा माथा, ओलांडून आमच्या बाजूला उतरला. ती धार म्हणजे झाडांच्या हद्दीच्या वरचा भाग, मैल-दीड मैल नुसते दगड आणि खुरटं गवत, जळायला काही नाही. ठिणग्या वाऱ्यावरून पलीकडे गेल्या. एस्टेस पार्क हे सगळं गाव रिकामं करताहेत, महामार्गावर गाड्यांची रांग, हेडलाइट दुपारी बारा वाजता.

माझ्या कोडमध्ये धार 'अडथळा' म्हणून घातली होती. काढली.

आईला एकर समजत नाहीत, गुंठे समजतात, पण इतके गुंठे कुणालाच समजायचे नाहीत. संध्याकाळचा आकडा एक लाख सत्तर हजार एकर. तिला सांगितलं, अख्खी बृहन्मुंबई धर, कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत, त्याहून मोठं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि बर्फ कधी आहे?" अंदाज तिने बघितला होता. रविवारी.

तेव्हा जाणवलं, क्रम सप्टेंबरचाच आहे. उत्तरेतून थंडीची दरी यायच्या आधी तिच्या पुढच्या अंगाला इथे वारा खवळतो, तो वणवा पळवतो. मग बर्फ. मग मागून उच्च दाब आणि तिकडे किनाऱ्यावर उतरता कोरडा वारा. नकाशावर मी तिन्ही एकाच क्षणाचे दाखवत होते आणि वेगवेगळी संकटं म्हणून रंगवत होते. खाली सरकपट्टी हवी, पुढचे-मागचे पाच दिवस.

२४ ऑक्टोबर, शनिवार

सरकपट्टी चालू. संध्याकाळी वारा उत्तरेला वळला, तासाभरात पारा वीस अंशांनी उतरला. रेनगेजचं नरसाळं आणि आतली नळी काढून घरात घेतली. हिवाळ्यात बर्फ बाहेरच्या नळकांड्यात पडू द्यायचा, नाहीतर नळी तडकते. मोजपट्टीची पांढरी फळी अंगणात ठेवली. उरलेला झेंडू सगळा खुडला, झाकायच्या फंदात पडले नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार. दसरा

बर्फ, अविरत. दाराला झेंडूचं तोरण आणि उंबऱ्यापर्यंत बर्फ. आपटा इथे नाही. आम्ही शहरातल्या ॲस्पेनची पिवळी पानं देतो, रंगाने तरी सोनंच. आजोबांनाही दिलं. त्यांनी पान उलटसुलट पाहिलं आणि विचारलं याचं काय करायचं. म्हटलं, जपून ठेवा. पाकिटात घातलं.

आलेखात उत्तरेची जोडी उणे दोन अंकी. उत्तर कॅलिफोर्नियात तारांतून ठिणगी पडू नये म्हणून वीज कंपनी सुमारे साडेतीन लाख ग्राहकांची वीज मुद्दाम तोडते आहे. वहिनीने ग्रुपवर विचारलं, इडलीचं पीठ आत्ताच लावून टाकू का. दक्षिणेची जोडीही घसरतेय. दक्षिण कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला राहणाऱ्या मावसबहिणीला मेसेज केला: उद्या-परवा वारा जोरात, गाडीत पेट्रोल असू दे. तिने अंगठा पाठवला.

२६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सातला फळीवर अकरा इंच. थर्मामीटर ४ फॅरनहाइट, म्हणजे उणे साडेपंधरा सेल्सिअस. नळकांडं आत आणलं, मोजून कोमट पाणी ओतून बर्फ वितळवला, ओतलेलं वजा केलं: ०.६४ इंच. अकरा इंच पिसासारखा बर्फ आणि पाणी एवढंसंच.

आकडे भरत असतानाच अर्व्हाइनचा फोन. सिल्व्हरॅडो वणवा, तिकडच्या घड्याळात सकाळी पावणेसातच्या सुमारास पेटला, तिच्या घराच्या उत्तरेचा डोंगर. आमच्याकडे नऊ वाजले होते तेव्हा ती गाडीत होती. शहरात आणि आसपास नव्वद हजारांवर लोकांना बाहेर पडायला सांगितलंय. "काय घेतलंस?" विचारलं. देवघरातला बाळकृष्ण, पासपोर्टांची पिशवी, मुलीचा लॅपटॉप. आणि श्रीखंडाचा डबा. "काल एवढं केलं, टाकून कसं येऊ?" मागे मुलगी म्हणत होती, आई, सिग्नल हिरवा झाला.

तिच्याकडे हवा गार होती. तिने ते तीनदा सांगितलं: "अगं, स्वेटर घातलाय मी, आणि डोंगर पेटलाय."

ओक्लाहोमात तिसराच प्रकार, गोठता पाऊस. झाडांवर पानं तशीच, प्रत्येक पानावर काचेचा थर, फांद्या तारांवर कोसळताहेत. तोही त्याच थंडीचा भाग. माझ्या नकाशात गोठत्या पावसाला रंगच नव्हता. जांभळा दिला.

२८ ऑक्टोबर, बुधवार

मावसबहीण एका हॉटेलात, उद्या घरी जायला मिळेलसं दिसतंय. घर शाबूत. ओक्लाहोमात तीन लाखांहून जास्त ठिकाणी वीज नाही.

सरकपट्टीवर दोन प्रसंग वर-खाली ठेवले, सप्टेंबरचा आणि आत्ताचा. कोलोरॅडोत वारा, कोलोरॅडोत बर्फ, किनाऱ्यावर आग. सरकवताना शेंदरी इथून विझत जातो, निळा येतो, शेंदरी तिकडे उगवतो. ग्रुपवर टाकलं. मिनेसोटाच्या भाच्याने विचारलं, 'यात आमचं काय?' त्याच्याकडे या महिन्यात आधीच बर्फ पडून गेलाय आणि त्याला त्यात बातमी वाटत नाही.

३० ऑक्टोबर, शुक्रवार. कोजागिरी

कॅमरन पीक दोन लाख आठ हजार एकर, ईस्ट ट्रबलसम एक लाख नव्वद हजारांच्या वर. आभाळ निरभ्र, ढगाची सबब नाही, तरी ठिपके तुरळक. दोन्ही आगी अजून 'चालू' म्हणूनच ठेवल्यात. आजोबा म्हणाले, थंडी संपेपर्यंत एखादं खोड धुमसत राहू शकतं.

राहिलेली कामं: रात्रीचे विमानातून घेतलेले आगीचे नकाशे जोडणे, बर्फ टिकल्याच्या दिवसांचा रकाना डोंगरांवर चुकतोय तो बघणे, मराठी लेबलांत 'रेड फ्लॅग' तसंच ठेवायचं की 'वणव्याची हवा' लिहायचं ते वहिनीला विचारणे.

आईने विचारलं, विझली का. म्हटलं, दिसत नाहीये. "म्हणजे?" म्हटलं, रेघ टाकलीय.

मसाला दूध घेऊन मागच्या अंगणात गेले. चंद्राच्या उजेडात बर्फाची कड कापल्यासारखी दिसत होती आणि तिच्यात खालून दोन बोटांवर एक बारीक करडी रेघ, राखेची.